मॉर्मन चर्चच्या मुलींच्या वर्गात लग्नाबद्दल नेमकं काय शिकवतात?

ऐरोलीची_आई
मुलगी 15 वर्षांची, दहावीत. तिची वर्गमैत्रीण लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन, कुटुंबातली आहे आणि तिच्याबरोबर रविवारी मुलींच्या वर्गाला जायचं म्हणते. तिथे लग्नाबद्दल बरंच शिकवतात असं कळलं. आमच्या घरी देवधर्म बेताचा, पण विरोधही नाही. नेटवर शोधलं तर एक तर चर्चची भलामण, नाही तर चार-चार बायकांच्या डॉक्युमेंट्र्या. या वयाच्या मुलींना काय सांगतात, कोण सांगतं, आणि आम्ही कुठे लक्ष ठेवायचं? लहान वयात लग्नं लावतात का?

खाडीकाठ
शेवटचं आधी. नाही लावत. बहुपत्नीत्व मुख्य चर्चने 1890 च्या जाहीरनाम्याने थांबवलं. आज कोणी तसं लग्न केलं तर त्याला चर्चमधून काढतात. तुम्ही पाहिलेल्या डॉक्युमेंट्र्या एफएलडीएस या फुटून निघालेल्या पंथावरच्या असणार. त्याचा प्रमुख वॉरन जेफ्स याला अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारासाठी 2011 मध्ये टेक्सासात जन्मठेप झाली. दोघेही जोसेफ स्मिथलाच मूळ पुरुष मानतात, म्हणून घोळ होतो.

आता वर्ग. नाव 'यंग विमेन'. ज्या वर्षी मुलीला बारावं पूर्ण होतं त्या वर्षीच्या जानेवारीपासून अठरापर्यंत. शिकवणाऱ्या बायका तिथल्याच सभासद, बिनपगारी. मुली उभ्या राहून एक प्रतिज्ञा म्हणतात. 2019 मध्ये तिचा मजकूर बदलला: आधी 'आम्ही स्वर्गीय पित्याच्या मुली' असं होतं, आता 'मी स्वर्गीय मातापित्यांची लाडकी मुलगी'. हा बदल वरवरचा समजू नका. परमेश्वरालाही जोडीदार आहे असं ते मानतात, आणि लग्नाला एवढं वजन येतं ते तिथूनच. 1843 च्या त्यांच्या शिकवणीनुसार ('सिद्धांत आणि करार' या त्यांच्या धर्मग्रंथाचा अध्याय 131) सर्वोच्च स्वर्गातही तीन पायऱ्या आहेत, आणि सगळ्यात वरची पायरी शाश्वत विवाहाशिवाय मिळत नाही. हा विवाह चर्चच्या साध्या सभागृहात लागत नाही, तो त्यांच्या मंदिरातच, म्हणजे परवानगीशिवाय आत जाता येत नाही अशा वेगळ्या वास्तूतच होतो. त्याला 'सीलिंग' म्हणतात. मरेपर्यंत नव्हे, मेल्यानंतरही टिकणारा. ज्यांचं लग्न जमलंच नाही अशा श्रद्धाळू बायकांना पुढे काही नाकारलं जाणार नाही, असंही सांगतात. पण वर्गात वेळ जातो तो मंदिरावर.

बाकीचे नियम मंदिरापासून उलटे मोजत आले की नीट समजतात. आत जायला परवानगीपत्र लागतं, दोन वर्षं चालणारं. त्यासाठी स्थानिक नेतृत्वाच्या दोन पातळ्यांवर मुलाखत: उत्पन्नाचा दहावा हिस्सा देता का, दारू-तंबाखू-चहा-कॉफी बंद आहे का, लग्नाबाहेर शरीरसंबंध नाहीत ना. (मुलगी रमली तर घरात पहिला फरक चहाचा दिसेल.) 16 च्या आधी मुलाबरोबर एकटीने फिरायला जायचं नाही, त्यानंतरही घोळक्याने जाणं बरं, हा सल्ला त्याच ओळीतला.

सगळ्यात जास्त वाद ज्यावर होतो तो मजकूर म्हणजे 23 सप्टेंबर 1995 ला चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी वाचलेला कुटुंबविषयक जाहीरनामा. बापाने कुटुंबाचं प्रमुखपद सांभाळायचं आणि कमवायचं, मुलांचं संगोपन मुख्यतः आईकडे. आणि दोघं समान भागीदार. हे सगळं एकाच परिच्छेदात आहे. वर्ग घेणारी कुठल्या वाक्यावर जोर देते, त्यावर मुलगी घरी काय घेऊन येईल ते ठरतं. शिक्षण घेऊ नका असं मात्र कोणी सांगत नाही. धर्मप्रचाराला जायचं मुलींचं वय 2012 मध्ये 21 वरून 19 वर आणल्यावर तर बऱ्याच जणी लग्नाआधी दीड वर्ष तिकडे जाऊ लागल्या.

पामबीच_कट्टा
ताई, खाडीकाठ यांनी कागदावरचं नीट सांगितलंय. गाडी घसरते ती 'शुद्धते'च्या, म्हणजे लग्नाआधी शरीरसंबंध नकोत या धड्यावर. चघळलेलं च्युइंगगम, खिळे उपटल्यावर भोकं राहिलेली फळी असली उदाहरणं अशा धड्यांत वर्षानुवर्षं चालली. सॉल्ट लेक सिटीच्या एलिझाबेथ स्मार्टला 2002 मध्ये, 14 व्या वर्षी, घरातून पळवून नऊ महिने डांबलं होतं. तिने 2013 मध्ये जाहीरपणे सांगितलं की शाळेत ऐकलेलं च्युइंगगमचं उदाहरण तिला तेव्हा आठवलं, आणि आपण आता टाकाऊ झालो असं वाटलं. मुलींच्या पुस्तिकेत 'सद्गुण' या भागात त्यांच्या मॉर्मन ग्रंथातलं मोरोनी 9:9 हे वचन होतं. बलात्काराने मुलींची शुद्धता हिरावली गेली असा त्याचा सूर. ते काढायला 2016 उजाडलं. ती पुस्तिका 2019 अखेर बंदच झाली, पण शिकवणाऱ्या बाया जुन्या तालमीतल्या असू शकतात. म्हणून मुलगी घरी आली की 'आज काय शिकवलं' एवढ्यावर थांबू नका, 'उदाहरण काय दिलं' ते विचारा.

दुसरं, मुलाखत. सभासद मुलींशी बिशप किंवा ब्रांच अध्यक्ष, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, तोही पुरुषच, ठरावीक काळाने एकट्याने बोलतो. मार्च 2018 पासून मुलगी पालकाला किंवा दुसऱ्या मोठ्या माणसाला आत बसवू शकते, आणि ठरलेले प्रश्न चर्चनेच प्रसिद्ध केलेत. खोदून खोदून तपशील विचारणं त्यात बसत नाही. तुमची मुलगी पाहुणी आहे, तिला हे लागू नाही. बाप्तिस्मा तुमच्या संमतीशिवाय होणार नाही. प्रचारक शिकवायला येणार असतील तर जोडीने येतात, तुम्हीही बसा.

ऐरोलीची_आई
खूप उलगडा झाला. हे विचारतायत की पुढेमागे तिने तिथलाच मुलगा निवडला, तर आम्हाला लग्नात बसता येईल का? आणि ते लग्न सरकारदरबारी चालतं?

खाडीकाठ
सीलिंगला नाही. परवानगीपत्राशिवाय आई-बापसुद्धा बाहेरच. शिवाय दोघंही सभासद लागतात, एक हिंदू-एक सभासद असं सीलिंग होत नाही. पूर्वी अमेरिकेसारख्या देशांत आधी नोंदणी लग्न केलं तर मंदिरासाठी वर्षभर थांबावं लागे. मे 2019 मध्ये ती अट गेली. म्हणजे सगळ्यांदेखत लग्न आणि मग मंदिर, हे करता येतं.

एक गोष्ट वर्गात आपणहून कोणी सांगत नाही. बायको वारली तर पुरुषाला दुसरीशीही सीलिंग करता येतं. हयात बाईचं मात्र एकाच नवऱ्याशी. चुणचुणीत मुली हे हमखास विचारतात, आणि उत्तर देणारीची पंचाईत होते.

नोंदणी_टेबल
कायद्याचं मी सांगतो. सीलिंगने भारतात कायदेशीर लग्न होत नाही. मुलगी 18, मुलगा 21, त्याला पर्याय नाही. एक जण ख्रिस्ती असेल तर 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने करता येतं, पण लग्न लावणाऱ्याकडे त्या कायद्याखालचा परवाना हवा. ब्रांच अध्यक्षाकडे तो आहे का, हे तारीख ठरवायच्या आधी विचारा. सोपा मार्ग 1954 चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग 30 दिवस राहिलाय, त्याच जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस. मग हरकतींसाठी 30 दिवस. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार. दोघांचे धर्म वेगळे असतील तर पुढे वारसाहक्काला हिंदू वारसा कायदा न लागता भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, हेही आधीच समजून घ्या.

नवी मुंबईकर हमखास फसतात ते जिल्ह्यात. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगड. मुलगा खारघरचा असला तरी तुम्ही ऐरोलीत राहता, तर नोटीस ठाण्याला देता येते. फक्त पत्त्याचा पुरावा मुलीच्या नावाचा, ऐरोलीचा हवा.