प्राथमिक शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी धमाल कार्यक्रम: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, लेकीचं प्राथमिक शाळेचं हे शेवटचं वर्ष. दीड महिन्यात वर्ग सुटणार, पुढे कुणी एका शाळेत कुणी दुसऱ्या, दोघी-तिघी तर गावच बदलणार आहेत. मुलांसाठी काहीतरी मजेचं करूया म्हणून आम्ही सात-आठ पालक जमलो आणि अख्खा दीड तास सजावटीचा रंग कुठला आणि टी-शर्टवर काय छापायचं यातच गेला. घरी येऊन लेकीला विचारलं तुला काय हवंय गं, तर म्हणाली, "भाषणं नकोत. आणि आम्हाला सगळ्यांना एकत्र खेळू द्या, तुम्ही मध्येमध्ये येऊ नका." दीड तासात हे आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं! म्हणून धागा काढतेय. ६० मुलं आहेत, शाळेचा हॉल आणि मैदान मिळतंय, वेळ दोन-अडीच तास. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी काय जमलं, काय फसलं ते सविस्तर लिहा प्लीज.

———

आम्ही मुलांकडून चिठ्ठ्या घेतल्या होत्या, बिननावाच्या. प्रश्न दोनच, काय हवं आणि काय अजिबात नको. "हवं"मध्ये अपेक्षेप्रमाणे म्युझिक, पाण्यातले खेळ, उशिरापर्यंत थांबणं. पण खरा कार्यक्रम ठरवला तो "नको"च्या चिठ्ठ्यांनी. ११ जणांनी लिहिलेलं की मुलगा-मुलगी जोड्या लावून नाच नको. चार-पाच जणांना स्टेजवर नाव पुकारलेलं नको होतं. आणि एक चिठ्ठी होती, "मला पोहता येत नाही हे कुणाला कळायला नको." आम्ही स्विमिंग पूल जवळजवळ नक्की केला होता हो. मग पालकांना एकेक करून विचारलं तर बऱ्याच मुलांना नीट पोहता येत नव्हतं. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही, गुपचूप खाली जातं, त्यामुळे काठावर गप्पा मारत उभ्या असलेल्या पालकांच्या भरवशावर एवढी मुलं पाण्यात सोडणं बरोबर नव्हतंच. पूल रद्द केला, मैदानावर स्पंज आणि बादल्यांच्या शर्यती घेतल्या. सगळे सारखेच चिंब भिजले आणि ती चिठ्ठी कुणाची होती हे आजही आम्हाला माहीत नाही.

———

मी शिक्षिका आहे, असे बरेच निरोपाचे कार्यक्रम पाहिलेत, म्हणून एकाच गोष्टीवर लिहिते. आऊट होण्याचे खेळ ठेवू नका. संगीत खुर्ची घ्या, जो सगळ्यात आधी आऊट होतो तो सगळ्यात जास्त वेळ भिंतीला टेकून बसतो, आणि दरवर्षी साधारण तीच मुलं असतात जी वर्गातही कडेला असतात. आम्ही तो खेळ उलटा केला. खुर्च्यांऐवजी जमिनीवर जुन्या चादरी टाकल्या, म्युझिक थांबलं की सगळ्यांनी चादरीवर यायचं, दर फेरीला एक चादर कमी, पण मूल एकही कमी नाही. शेवटी दोन चादरींवर पस्तीस मुलं एकमेकांना धरून उभी होती, आणि जो मुलगा कुणाशी बोलायचा नाही त्याला चौघांनी हाताला धरून आत ओढलं होतं! (खुर्च्या नकोच, धक्काबुक्कीत उलटतात.)

गट पाडतानाही मुलांना "आपापले गट करा" म्हणू नका. शेवटी कोण उरतं ते सगळ्यांना दिसतं. दारातच रंगीत रिबन वाटा, रंग जुळला तो गट, सहा-सहाचा. आणि आल्याआल्या करायला काहीतरी हातात द्या, मोठ्या कागदावर रंगवणं वगैरे, कारण मुलं पंधरा-वीस मिनिटं मागेपुढे येतात आणि लवकर आलेलं मूल रिकाम्या हॉलमध्ये अवघडून उभं राहतं. पळापळीचे खेळ आधी, शांत गोष्टी शेवटी. आम्ही एकदा उलट केलं आणि मुलं इतकी उसळलेली होती की घरी न्यायला आलेल्या पालकांना ती सापडेनात.

———

पावसाचं बघून ठेवा. आम्ही सगळं मैदानावर ठरवलं होतं. बाकी समजून घ्या.

———

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझा मुलगा श्रवणयंत्र वापरतो. त्याच्या कार्यक्रमाला मोठे स्पीकर लावलेले, दहा मिनिटांत तो कान झाकून बाहेर पायरीवर येऊन बसला आणि मी आत जाऊन आवाज कमी करा म्हटलं तर मुलांना असंच आवडतं असं उत्तर मिळालं. त्या रात्री त्याने मला विचारलं, बाबा माझ्यामुळे सगळ्यांची मजा गेली का. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

धाकटीच्या वेळी मी स्वतःच कमिटीत गेलो. ८५ डेसिबल आवाजात आठ तासांपर्यंत कानाला चालतं असं कामाच्या ठिकाणांसाठी धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. ही मोठ्या माणसांसाठीची मर्यादा, मुलांसाठी त्याच्याही बरंच खाली राहिलेलं बरं. मोबाईलवर आवाज मोजायचं अॅप असतं, ते अगदी अचूक नसलं तरी अंदाज येतो, आणि तेही नको असेल तर हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागलं की आवाज जास्त आहे असं समजायचं. शिवाय हॉलला लागून एक वर्ग शांत खोली म्हणून ठेवला. चटया, उशा, बोर्ड गेम्स, चित्रकलेचं साहित्य. आजारी मुलांची खोली वाटू नये म्हणून खेळांच्या यादीत तिचंही नाव टाकलं. मला वाटलेलं चार-पाच मुलं जातील, पण जवळपास प्रत्येक मूल तिथे एकदा तरी जाऊन आलं. काही तर तिथेच रमली.

———

पैशांचं सांगते, कारण हे सहसा कुणी बोलत नाही. आमच्या वर्गात प्रत्येकी ठरावीक रक्कम काढायची ठरली, टी-शर्ट, फोटो बूथ, सगळं धरून. कार्यक्रमाच्या दिवशी एक मुलगी आली नाही, पोट दुखतंय असा निरोप आला. खूप नंतर तिच्या आईशी बोलताना कळलं की पोट वगैरे काही नव्हतं. वर्ष झालं तरी मला त्याचं वाईट वाटतं, आम्ही फॉर्मवर "अडचण असल्यास कळवा" असं लिहिलं होतं आणि आपण खूप संवेदनशील आहोत असं मानून मोकळे झालो होतो. अशी अडचण कोण कळवेल?

पुढच्या बॅचला आम्ही सांगितलं की माणशी वर्गणी नकोच. एक बंद पाकीट प्रत्येक घरी गेलं, जमेल तेवढं घाला, रिकामं परत दिलं तरी चालेल, पण पाकीट सगळ्यांनी परत द्यायचं. नाव लिहायचं नाही. जेवढे जमले तेवढ्यात कार्यक्रम बसवला. टी-शर्ट गेले, फोटो बूथऐवजी एका काकांनी जुन्या खोक्यांच्या मोठ्ठ्या चौकटी करून दिल्या. मुलांना फरक पडला नाही. खरंच नाही पडला.

———

खाण्याबद्दल थोडक्यात. शेंगदाणे, दूध, अंडं, अशा कशाचीही अॅलर्जी असेल तर फॉर्मवर लिहून घ्याच, पण त्या मुलासाठी "वेगळी प्लेट" करू नका, सगळं टेबलच त्याला चालेल असं ठेवा. माझी मुलगी पाच वर्षं वेगळी प्लेट घेऊन कोपऱ्यात बसलीये. शेवटच्या दिवशी पहिल्यांदा ती रांगेत उभी राहून हवं ते उचलत होती. पाकिटांची वेष्टनं कार्यक्रम संपेपर्यंत फेकू नका, आत काय होतं ते लागलंच तर वाचता येतं. आणि इमर्जन्सीचं इंजेक्शन असेल तर ते दप्तरात नको, ते कसं द्यायचं हे माहीत असलेल्या मोठ्या माणसाच्या खिशात हवं. फुगे लावणार असाल तर रबराची अॅलर्जी पण विचारा.

———

मी आता कॉलेजात आहे, पण हे लिहावंसं वाटलं. आमच्या सेंड-ऑफला गमतीची बक्षिसं होती, सगळ्यात बडबडी, सगळ्यात स्टायलिश वगैरे. मला "सगळ्यात शांत" मिळालं. सगळे हसले, प्रेमानेच हसले, पण नवीन शाळेत गेले तेव्हा मी मनाशी ठरवूनच गेले की मी शांत आहे. त्या वयात मोठ्यांनी दिलेलं नाव चिकटतं.

पण त्याच कार्यक्रमातली एक गोष्ट मी अजून जपून ठेवलीये. आमच्या बाईंनी प्रत्येकाची एक छोटी वही केली आणि वर्गातल्या प्रत्येकाने प्रत्येकाच्या वहीत एक ओळ लिहायची, एखादी खरी आठवण. आम्ही ४० जण, प्रत्येकी ३९ ओळी, म्हणजे १५६० ओळी. एका दिवसात होत नाही, बाईंनी दोन आठवडे रोज थोडा थोडा वेळ दिला आणि देण्याआधी सगळ्या ओळी स्वतः वाचल्या, कुणाला लागेल असं काही गेलं नाही. माझ्या वहीत एकाने लिहिलंय, "तू मला चित्राच्या तासाला निळा रंग दिला होतास." मला ते आठवतही नव्हतं.

———

स्लाइड शो करणार असाल तर फोटो मोजा. अक्षरशः तक्ता करून, कुठलं मूल किती वेळा दिसतंय. आमच्याकडे एक मुलगा ९ वेळा आणि वर्षाच्या मध्यात आलेली मुलगी एकदाही नाही असं निघालं. मग शेवटच्या आठवड्यात मुद्दाम फोटो काढले. एक फोटो ४ सेकंद धरला तर १५० फोटोंचे दहा मिनिटं होतात, त्याहून लांबवू नका. आणि कुणाच्या पालकांना फोटो नेटवर नको असतील तर ते आधी विचारा.

———

धागाकर्ती परत आलेय. कार्यक्रम काल झाला! चिठ्ठ्या घेतल्या, पाकिटं फिरवली, शांत खोली केली, चादरींचा खेळ तर दोनदा घ्यावा लागला. ६ मुलांमागे एक मोठा माणूस ठेवला होता, आणि घरी सोडताना एकच दार, दारात यादी, नावावर खूण झाल्याशिवाय मूल बाहेर नाही, त्यामुळे शेवटचा गोंधळ टळला. मैदानावरचा एक खेळ ऊन फार झाल्याने सोडून द्यावा लागला.

वह्यांचं गणित ६० मुलांना जमेना. मग दोन तुकड्यांत केलं, ३० मुलं, प्रत्येकी २९ ओळी, आणि दुसऱ्या तुकडीतल्या मैत्रिणींसाठी मागे कोरी पानं सोडली. वह्या अगदी शेवटी वाटल्या. पालक न्यायला आले तेव्हा सगळी मुलं हॉलमध्ये जमिनीवर बसून वाचत होती, एक शब्द नाही. आम्हीही दारातच थांबलो. लेकीने ती वही उशीखाली ठेवलीये, मला अजून वाचायला दिलेली नाही.