मदत हवी आहे: अमेरिकेत अध्यक्ष निवडताना मत वंशावरून ठरतं का? बारावीच्या वर्गाला काय सांगू?

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात मतदार मत कसं ठरवतो यावर बोलताना फळ्यावर लिहिलं: '२००८, ओबामा, कृष्णवर्णीय मतदार, ९५ टक्के'. खडू खाली ठेवते न ठेवते तोच शेवटच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तिकडं मत गुप्त नसतं का?" असतं, म्हटलं. "मग कुणाच्या रंगाच्या माणसानं कुणाला मत दिलं हे मोजलं कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात आकडा होता, मी तो उतरवला होता. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "आपल्याकडं जात, तिकडं रंग. काळे काळ्याला, गोरे गोऱ्याला. झालं." वर्ग हसला, घंटा झाली, आणि तोच निष्कर्ष घेऊन पोरं घरी गेली. हे मला फार लागलं. यातली निम्मी पोरं पुढच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देणार आहेत. माणूस मत का देतो याचं इतकं झटपट उत्तर त्यांच्या डोक्यात माझ्या तासाला बसावं, हे मला नको आहे.

घरी येऊन आकडे काढले. २००८ मध्ये एक्झिट पोलनुसार ओबामांना गोऱ्या मतदारांतून ४३ टक्के मतं मिळाली. त्याआधी २००४ मध्ये त्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी उभे होते, स्वतः गोरे. त्यांना गोऱ्यांची मतं ४१ टक्के, म्हणजे ओबामांपेक्षा कमी. आणि याच गोऱ्या केरींना कृष्णवर्णीयांची मतं ८८ टक्के! म्हणजे उमेदवाराचा रंग बदलला तेव्हा ८८ चे ९५ झाले. मूळच्या ८८ चं काय? ते रंगानं समजत नाहीत, पक्षानं समजतात. पण मग तोच पक्ष का? आणि दुसरीकडे, १९६४ मधल्या लिंडन जॉन्सन यांच्यानंतर एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला गोऱ्या मतदारांचं बहुमत मिळालेलं नाही, असंही वाचलं. उमेदवार गोरा असो वा काळा.

इथे मी अडकले आहे. हे मोजतात कसं ते आधी सांगा. मग, वंश आणि पक्ष वेगळे करून दाखवता येतील असं एखादं उदाहरण आहे का? अध्यक्षपदाचं नसलं तरी चालेल. तिकडे राहणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं काही सांगितलं तर सोन्याहून पिवळं. गुरुवारी पुन्हा तास आहे.

— रानजाई

प्रतिसाद: तळटीप

रानजाईताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी मुळावरचा आहे, तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

मतपत्रिकेवर वंश नसतो. ९५ टक्के हा मोजलेला आकडा नाही, अंदाज आहे. मतदान केंद्राबाहेर एक माणूस उभा असतो आणि ठरलेल्या अंतराने, समजा दर पाचव्या मतदाराला, एक छापील कागद देतो. त्यावर वय, लिंग, वंश, शिक्षण, धर्म आणि 'आज कुणाला मत दिलं' हे विचारलेलं असतं. नाव नसतं. मतदार खुणा करतो, घडी घालतो, पेटीत टाकतो. टपालाने किंवा आधीच मत देणाऱ्यांना फोन करतात. अशी केंद्रं नमुन्यादाखल निवडलेली असतात आणि नंतर प्रत्यक्ष निकालाशी आकडे जुळवून घेतात.

म्हणून दशांशावर भांडू नका. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांना कृष्णवर्णीयांची मतं एक्झिट पोलमध्ये ८६ टक्के आहेत, तर प्यू या संशोधन संस्थेने मतदारयादीशी ताडून केलेल्या पाहणीत ८३. तीन टक्क्यांचा फरक आहे, पण चित्र तेच.

दुसरी रीत न्यायालयांत चालते. मतदारसंघ आखताना अल्पसंख्याकांवर अन्याय झाला असं म्हणायचं, तर तिथे वंशानुसार मतविभागणी होते हे सिद्ध करावं लागतं. १९८६ च्या एका निकालापासून हे पक्कं झालं. तिथे केंद्रवार निकाल आणि केंद्रवार लोकसंख्या शेजारी ठेवून हिशेब करतात. मात्र यात एक खड्डा आहे, तो वर्गाला जरूर दाखवा: एखाद्या वस्तीत कृष्णवर्णीय जास्त आणि तिथे अमुक पक्षाला मतं जास्त, एवढ्यावरून ती मतं कृष्णवर्णीयांनीच दिली असं म्हणता येत नाही.

प्रतिसाद: चिंचेचंझाड

मी अटलांटाजवळ राहतो. नागरिकत्व मिळाल्यावर मतदार नोंदणीचा अर्ज भरला, त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख आणि पुढे वंशाचे चौकोन. मी पेन हातात धरून थांबलोच. आपल्याकडच्या मतदारयादीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. जात कुठे नसते. इथे 'आशियाई'वर खूण केली. जॉर्जिया, फ्लोरिडा, उत्तर कॅरोलिना अशा दक्षिणेतल्या काही राज्यांत हे विचारतात. त्यामुळे कोणत्या वंशाचे किती लोक मतदानाला आले हे इथे यादीवरूनच कळतं. कुणाला दिलं, ते मात्र नाही.

ताई, तुम्हाला हवं तसं उदाहरण आमच्याच राज्यात घडलं. २०२२ ची सिनेटची, म्हणजे इथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक. डेमोक्रॅटिक पक्षाकडून राफेल वॉर्नॉक, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एबेनेझर चर्चचे पाद्री. समोरच्या रिपब्लिकन पक्षाकडून हर्शेल वॉकर, जॉर्जियाचे लाडके माजी फुटबॉलपटू. दोघेही कृष्णवर्णीय. रंगाची बरोबरी झाली, आता मतं कशी पडली? एक्झिट पोलनुसार कृष्णवर्णीयांतले सुमारे ९० टक्के वॉर्नॉककडे आणि गोऱ्यांतले सुमारे ७० टक्के वॉकरकडे. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याचं 'गोरे गोऱ्याला' तिथेच मोडलं, पण मतांतली फट जशीच्या तशी राहिली.

शेजारी एक आजी राहतात, कृष्णवर्णीय, मधुमेही. मी त्यांना भाबडेपणानं विचारलं होतं, वॉकरही तुमच्यातलेच ना? त्यांनी फ्रिज उघडला, दारातल्या कप्प्यातली इन्शुलिनची कुपी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, याची किंमत खाली आणायला कोण भांडलं ते आधी सांग. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावरच्या रुग्णांना इन्शुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर पडू नये ही तरतूद त्याच वर्षी झाली होती, आणि वॉर्नॉक त्यामागे लागलेले होते. त्या आजींच्या आईला तरुणपणी मतदार नोंदणी करू दिली नव्हती, हेही त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांच्या बोलण्यात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

प्रतिसाद: मोडीवाला

"तोच पक्ष का" याचं उत्तर इतिहासात आहे. गुलामगिरी संपवणारा लिंकन रिपब्लिकन. त्यामुळे मत देता येत होतं तिथे कृष्णवर्णीय कित्येक दशकं रिपब्लिकनच होते. १९३२ च्या मंदीतही त्यांच्यातले बहुसंख्य रिपब्लिकन हूव्हरकडे राहिले. १९३६ मध्ये डेमोक्रॅटिक रोझवेल्टकडे वळले, पण तरीही सगळे नाही. १९५६ मध्ये रिपब्लिकन आयझेनहॉवरना त्यांची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मतं होती.

ऑक्टोबर १९६० मध्ये मार्टिन ल्यूथर किंग जॉर्जियात तुरुंगात होते. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केनेडींनी त्यांच्या गरोदर पत्नीला, कोरेटा यांना, धीर देणारा फोन केला. रिपब्लिकन उमेदवार निक्सन गप्प राहिले. किंग यांचे वडील तोवर निक्सनच्या बाजूचे होते, कारण केनेडी कॅथलिक आणि ते स्वतः प्रोटेस्टंट! त्या फोननंतर त्यांनी आपलं वजन केनेडींच्या पारड्यात टाकलं. धर्म आणि वंश एकाच घरात कसे एकमेकांना छेद देतात ते पाहा.

मग १९६४. जॉन्सननी नागरी हक्क कायदा केला आणि रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याविरुद्ध मत दिलं. देशभर त्यांचा धुव्वा उडाला. स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर दक्षिणेतली पाचच राज्यं मिळाली. त्यातल्या मिसिसिपीत मात्र ८७ टक्के मतं! आता ताई, वर्गाला हा हिशेब घाला: तेव्हा मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ७ टक्क्यांची नोंद मतदार म्हणून होती. राज्यघटनेचं कलम समजावून सांग असल्या परीक्षा घेऊन त्यांना परत पाठवत. मग ते ८७ टक्के कुणाचे असणार? एक्झिट पोलची गरजच नाही. ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा आला आणि दोन-अडीच वर्षांत तिथली नोंदणी ६० टक्क्यांच्या आसपास गेली. हे नवे मतदार कोणत्या पक्षाकडे जाणार होते, हे सांगायला नको.

रानजाई

मोडीवालाकाका, मिसिसिपीचा हिशेब मी वहीत करून पाहिला आणि अंगावर काटा आला. चिंचेचंझाडदादा, वॉर्नॉक-वॉकर गुरुवारी फळ्यावर जाणार हे नक्की.

मग असं म्हणू का, की वंश थेट मत ठरवत नाही, वंशाच्या इतिहासानं पक्ष ठरला आणि पक्षानं मत?

प्रतिसाद: उंबरठा

ताई, तेवढं म्हणून थांबू नका. सगळं पक्षावर ढकललं की रंगाचा थेट परिणाम नजरेआड होतो, आणि तो आहे.

तुम्ही म्हणालात गोऱ्यांची मतं ४१ ची ४३ झाली. देशाची सरासरी आहे ती. दक्षिणेतलं अलाबामा राज्य वेगळं काढून पाहा: केरींना तिथल्या गोऱ्यांतून १९ टक्के, ओबामांना १०. आणि २००८ म्हणजे इराक युद्धाला लोक विटलेले, बँका कोसळलेल्या, सत्ताधारी रिपब्लिकनांविरुद्ध हवा. अशा वर्षी डेमोक्रॅटिक उमेदवाराची मतं सगळीकडेच वाढायला हवी होती. एका अर्थशास्त्रज्ञाने लोक गुगलवर वर्णद्वेषी शब्द कुठे जास्त शोधतात ते पाहिलं आणि त्या भागांत ओबामा केरींच्या मानाने किती मागे पडले ते ताडलं. त्याच्या हिशेबाने रंगामुळे ओबामांचं देशभरात सुमारे ४ टक्के मतांचं नुकसान झालं. पाहणीवाल्याला माणूस तोंडावर खोटं सांगेल, एकट्यानं शोधताना कशाला सांगेल?

खोटं सांगण्याचंही जुनं उदाहरण देतात. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या (तिथे हे पद लोकांनी निवडलेलं असतं) मतचाचण्यांत पुढे होते आणि हरले. ओबामांच्या वेळी चाचण्या तशा फसल्या नाहीत, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नका.

आणि मत कुणाला एवढंच नसतं, मतदानाला कोण येतं हेही असतं. जनगणना खात्याच्या पाहणीत २०१२ मध्ये कृष्णवर्णीयांचं मतदान ६६.२ टक्के होतं, गोऱ्यांचं ६४.१. पहिल्यांदाच ते पुढे गेले. २०१६ मध्ये ओबामा उमेदवार नव्हते, तेव्हा तोच आकडा ५९.६ वर उतरला.

प्रतिसाद: नदीकाठ

थोडक्यात दोन जागा सांगते, नकाशावर दाखवता येतील. आयोवा राज्यातली हॉवर्ड काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं): छोटा शेतीचा भाग, जवळपास सगळे गोरे. २०१२ मध्ये ओबामांना सुमारे २१ टक्क्यांची आघाडी, २०१६ मध्ये ट्रम्पना सुमारे २० टक्क्यांची. दुसरी टेक्सासमधली स्टार काउंटी, मेक्सिकोच्या सीमेवर, जवळजवळ सगळे लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटनना ७९ टक्के, २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. तिथे रिपब्लिकन उमेदवार जिंकण्याची १८९२ नंतरची पहिलीच वेळ. दोन्हीकडे लोकांचा वंश होता तोच राहिला.

मात्र हॉवर्डवरून 'वंशाचा संबंध नाही' असंही म्हणू नका. ओबामांकडून ट्रम्पकडे गेलेल्यांवर बरेच अभ्यास झाले. त्यांतल्या अनेकांत घरच्या आर्थिक ओढाताणीपेक्षा वंश आणि स्थलांतराविषयीची मतं जास्त जुळलेली दिसली. यावर अजून वाद चालू आहे.

आणि एक आपल्या भागातलं: बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइट शहराचा मोठा भाग असलेल्या मतदारसंघातून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, गेले. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेलं शहर. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, कृष्णवर्णीय उमेदवार बरेच होते, मतं वाटली गेली आणि ठाणेदार ३० टक्क्यांहून कमी मतांत पुढे आले. शहराला कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही याची तिथे अनेकांना मनापासून खंत होती, आणि मला ती समजते. सांगलीच्या पोरांना बेळगाव जवळचं, म्हणून हे सुचवलं.

रानजाई

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. कालच तास झाला.

फळा मधोमध रेघ मारून दोन भाग केले. डावीकडे केरी आणि ओबामा, उजवीकडे वॉर्नॉक आणि वॉकर. आकडे लिहिले आणि काही न बोलता बाजूला उभी राहिले. 'झालं' म्हणणारा मुलगाच पहिला उठला. म्हणाला, "मॅडम, रंग बदलला तर मतं थोडी हलतात, पक्ष बदलला तर सगळी हलतात." मी अलाबामाचे १९ आणि १० खाली लिहिले. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "इथं निम्मी गेली की." शेवटच्या बाकावरच्या मुलीनं मिसिसिपीचा हिशेब वर्गाला समजावून सांगितला, माझ्यापेक्षा नीट.

आता आणखी एक विनंती. चिंचेचंझाडदादा, जॉर्जियाचा तो नोंदणी अर्ज कोरा मिळेल का? वंशाचे चौकोन पोरांना बघायचे आहेत. त्या मुलीनं विचारलंय, एकही खूण केली नाही तर काय होतं?

प्रतिसाद: चिंचेचंझाड

ताई, कोरा अर्ज राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतो, आज रात्री इथे टाकतो. आणि तिला सांगा, तो चौकोन कोरा ठेवला म्हणून कुणाचा मतदानाचा हक्क जात नाही.