धागा: तळातल्या जिवांसाठी विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं थांबवावं का?

कातळसडा:
कोकणातल्या आमच्या वाडीत दर मे महिन्यात विहीर उपसतो. यंदा गाळाच्या घमेल्यात दोन-तीन काचेसारखे पांढुरके जीव वळवळताना दिसले. तांदळाएवढे, कोळंबीच्या वळणाचे, डोळ्यांचा पत्ता नाही. काय होते कळलं नाही, पण डोक्यातून जात नाहीत.

केरळात अशाच जांभा दगडातल्या विहिरींतून लालभडक, बिनडोळ्यांचे, बोटाच्या दोन पेरांएवढे मासे वर येतात. 2023 मध्ये त्यातल्या एका नव्या जातीला होराग्लॅनिस पॉप्युली असं नाव दिलं, म्हणजे लोकांचा मासा, कारण शोधात गावकऱ्यांचा हात होता. लांब कशाला, आपल्या जोगेश्वरीत अंधशाळेच्या विहिरीत वामेसारखा आंधळा मासा सापडला. 2022 मध्ये मुंबादेवीवरून त्याचं नाव ठेवलं रक्तमिक्थिस मुंबा.

आमचा कातळही जांभ्याचाच. खाली कोण राहतं हे न बघता वरून पावडर ओतत राहायचं? माझं मत : पाणी घरी भांड्यात शुद्ध करा, विहिरीत नको.

ओपीडीवाली:
स्पष्ट लिहिते, राग मानू नका. वाडीत वीस घरं असतील, तर पाणी शुद्ध करायचे मेडिक्लोरचे थेंब रोज न चुकता किती घरं टाकतील? चार. जुलैत उरलेल्या सोळा घरांतली पोरं जुलाब-उलट्यांनी माझ्यासमोर येतात. सलाइन लावताना मला माशाची दया येत नाही.

जुनाजाणता:
ताईंशी सहमत. लहानपणी शेजारच्या काकांच्या पायातून नारूचा जंत निघताना पाहिलाय. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे, तुटला की पाय सुजायचा. तो यायचा पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवातून. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक टाकलं, गाळून प्यायला शिकवलं. 1996 नंतर देशात नारूचा रुग्ण नाही, 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. पाण्यातला प्रत्येक जीव जपा म्हणणाऱ्यांनी तो पाय बघायला हवा होता.

कातळसडा:
प्रत्येक जीव जपा असं मी कुठे म्हटलंय काका? सायक्लॉप्सची बाजू घ्यायला आलेलो नाही.

भेगापाझर:
सगळे कठड्याभोवतीच भांडताय. विहीर ही नुसती खिडकी आहे, या जिवांचं घर कातळाच्या आत. जांभा भोकाभोकांचा असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपत जातं आणि खालच्या चिकण थरावर थांबतं. तिथे उजेड नाही, म्हणून हिरवं काही उगवत नाही. पालापाचोळ्याचा जो काही अंश पाण्याबरोबर खाली येईल त्यावर सगळ्यांचं भागतं.

टीसीएलमधला क्लोरीन गाळात खर्ची पडतो, थोडा उडून जातो, म्हणून तर ते पुन:पुन्हा टाकावं लागतं. विहिरीत आलेल्या जिवाला त्रास होणारच, पण भेगांत आत राहणाऱ्यापर्यंत फारसा पोचत नसावा. जांभ्याचे चिरे काढणारी चिरेखाण मात्र घरच कापून ट्रकमध्ये भरते. त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही! मेघालयात क्रेम उम लाडॉ नावाच्या गुहेत 2019 मध्ये हातभर लांबीचे गुहामासे दिसले. त्या जैंतिया टेकड्यांत कोळसा आणि चुनखडी खणतात. तिथे प्रश्न पावडरीचा नाहीच.

चिरेवाला:
आलो मी. खाण माझी आहे, माझ्याकडे पंधरा माणसं कामाला आहेत. भेगापाझर, तुमचं घर कशाचं? चिऱ्याचंच ना? आणि पाणी लागलं की आम्ही थांबतो, पाण्यात चिरा कापता येत नाही.

भेगापाझर:
घर चिऱ्याचंच आहे, नाकारत नाही. पण पाणी लागेपर्यंतचा जो कातळ तुम्ही उचलता, त्यातूनच पाऊस गाळून खाली जात होता. आता तो थेट खड्ड्यात साचतो, ट्रकच्या तेलासकट. खाणी बंद करा म्हणत नाही. विहिरी-झऱ्यांच्या वरच्या अंगाला नको, एवढंच.

चिरेवाला:
वरच्या अंगालाच चांगला चिरा लागतो हो.

कातळसडा:
आणि गप्पी मासे? डासांच्या अळ्यांसाठी विहिरीत सोडतात. टीसीएल निदान उतरतं तरी. गप्पी तिथेच पिल्लं घालतात आणि समोर येईल ते बारीकसारीक खातात.

ओपीडीवाली:
गप्पीचं मान्य. पिण्याच्या विहिरीला बारीक जाळी घट्ट बसवली तर त्यांची गरज नाही. टीसीएल मात्र सोडणार नाही. हवं तर माप नीट पाळा.

कातळसडा:
मापावरून आठवलं. काल आमच्या जलसुरक्षकाला विचारलं, किती टाकतोस? म्हणाला, "अंदाजानं. दोन मुठी. पाऊस जास्त असला तर तीन."

ओपीडीवाली:
मुठी?? आणि पाण्यात क्लोरीन उरलाय का बघायची ओ.टी. टेस्ट कोण करतं?

कातळसडा:
ती काय असते?