मदत हवी आहे: गृहकर्जात विम्याचा हप्ता परस्पर जोडलाय, सही करू का?

नवाउंबरठा: गृहवित्त कंपनीकडून ३५ लाख, २० वर्षं, ८.५ टक्के फ्लोटिंग (बदलता) दर. मंजुरीपत्रात मात्र रक्कम ३६.४० लाख. वरचे १.४० लाख म्हणजे कर्जाचा एकरकमी आयुर्विमा. "विम्याशिवाय फाइल पुढे जात नाही," असं एजंट म्हणतोय. शनिवारी सह्या आहेत. अजून काय तपासू?

हिशेबनीस: तोंडी सक्ती आहे ना? मग एक ओळीचा मेल टाका: "हा विमा कोणत्या नियमानुसार बंधनकारक आहे ते लेखी कळवा." बहुतेक वेळा फाइल आपोआप सरकते. कर्जासाठी आयुर्विमा घ्यायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. इमारतीचा आगीचा विमा मात्र करारात मागू शकतात. तो वेगळा आणि बराच स्वस्त.

१.४० लाख कर्जात मिसळले की ईएमआय ३०,३७४ चा ३१,५८९ होतो. महिना १,२१५, २४० महिने, म्हणजे सुमारे २.९२ लाख. शिवाय उद्या कर्ज दुसरीकडे नेलंत तर हा विमा तिथे कामाला येईलच असं नाही. त्यापेक्षा स्वतःच्या नावावर टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा साधा आयुर्विमा) घ्या.

नवाउंबरठा: आणि सही होऊन गेली असती तर?

हिशेबनीस: पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक असतो, म्हणजे तेवढ्यात पॉलिसी परत करून पैसे मागता येतात. परतावा कर्जखात्यातच जमा होतो. तो मुद्दलात वळवून घ्या आणि सुधारित परतफेड तक्ता मागा.

कलमकसाई: सहीआधी की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च मांडलेलं पत्रक, घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला ते द्यावंच लागतं. त्यात एपीआर, म्हणजे व्याज आणि इतर आकार धरून येणारा वार्षिक दर, पाहा. विम्याचे पैसे त्यात धरलेले हवेत. जो आकार या पत्रकात नाही, तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. ते वाचायला किमान ३ कामकाजाचे दिवस मिळतात, तेव्हा शनिवारची घाई त्यांची, तुमची नव्हे.

व्याज चेक हातात दिल्याच्या तारखेपासून लागायला हवं, चेकवरच्या तारखेपासून नव्हे. चेकवर १ तारीख आणि बिल्डरला मिळाला १३ ला, तर ३५ लाखांवर दिवसाला सुमारे ८१५ प्रमाणे १२ दिवसांचे ९,७८० फुकट जातात. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे चूक ठरवून पैसे परत करायला सांगितलंय. चेक घेताना पोचपावतीवर तारीख घालाच.

व्याजबट्टा: खरी मेख दरात आहे. बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बाहेरच्या दराला बांधलेली असतात. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही, त्यांचा पीएलआर, म्हणजे मूळ दर, त्यांचाच. रेपो उतरला तरी जुन्या ग्राहकाचा दर तिथेच, नव्याला मात्र जास्त सूट! करारात 'स्प्रेड' (मूळ दर आणि तुमचा दर यांतला फरक) किती आणि तो कधी बदलू शकतो, ते वाचा. दर ०.७५ वाढला आणि ईएमआय तोच ठेवला, तर २४० महिन्यांचे जवळपास २८५ होतात. ईएमआय वाढवायचा की मुदत, हे निवडायचा पर्याय त्यांनी तुम्हाला द्यायला हवा. फ्लोटिंग घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही, पैसे दुसऱ्या बँकेचे असले तरी.

नवाउंबरठा: मेल टाकला. एजंटचा लगेच फोन आला, "लेखी कशाला, बोलून मिटवू."

कलमकसाई: फोनवर काहीच कबूल करू नका. त्याच मेलखाली लिहा, "आज फोनवर तुम्ही असं म्हणालात." उत्तर टाळलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय आवास बँकेच्या 'ग्रिड्स' या तक्रार पोर्टलवर. हीच मेलची साखळी तिथे जोडायची.