लाईट गेल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमधले कोरल (प्रवाळ) पांढरे पडलेत, वाचतील का?

पाण्यातलाघो: मंडळी अर्जंट आहे. मी ह्यूस्टनला असतो. बेरिल वादळात सोमवारी सकाळी लाईट गेली ती आत्ता गुरुवारी रात्री आली, एसी बंद, घराची नुसती भट्टी. २२५ लीटरचा टँक आहे, एरवी २५-२६ डिग्री असतो तो ३२ वर गेला. बॅटरीवरच्या एअर पंपामुळे मासे जगले पण कोरलपैकी अ‍ॅक्रोपोरा पांढराफटक, हॅमर आक्रसून आत गेलाय, टॉर्च बुळबुळीत झालाय आणि झोआ चार दिवस मिटलेत. आता बर्फ टाकून पटकन थंड करू का? आणि रंग परत यायला दिवे फुल ठेवायचे ना? बायको म्हणते सगळं फेकून दे.

खारट_दादा: बर्फ अजिबात नको रे बाबा! आधीच भाजलेत, त्यात गारठ्याचा झटका कशाला. झाकण काढ, पाण्यावर टेबल फॅन लाव, बाष्पीभवनाने दोनेक डिग्री आरामात उतरतात, आज रात्रीत एक-दीड उतरली तरी पुष्कळ. उडालेलं पाणी आरओच्या (फिल्टरने क्षार काढलेल्या) पाण्याने भर, मीठ घातलेल्याने नाही, नाहीतर खारटपणा वर जाईल. आणि पंप जोरात ठेव, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो.

दिवे फुल तर मुळीच नाही. रंग असतो कोरलच्या आत राहणाऱ्या शेवाळाचा, उष्णतेत त्याचं गणित बिघडून तेच विषारी ऑक्सिजन सोडायला लागतं म्हणून कोरल त्याला बाहेर काढतं. वर झगझगीत उजेड पाडलास तर राहिलेलंही जाईल. दोन आठवडे ३०-४० टक्क्यांवर ठेव, मग हळूहळू वाढव.

रीफवाली: पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे हं. विजेरी लावून बघ, सांगाड्यावर पारदर्शक मांस दिसलं तर जीव आहे. मांस सोलून निघत असेल किंवा तपकिरी लगदा होऊन वास मारत असेल तर ते हेड (कोरलचा एकेक तोंडवाला भाग) आजच बाहेर काढ, बाजूच्यांनाही लागतं.

समीर_पुणे: आयोडीनमध्ये बुडवून काढ ना, आणि अर्धं पाणी बदलून टाक.

खारट_दादा: समीर, नको. आजारी माणसाला कोणी आंघोळ घालून वर घर बदलायला लावतं का? आधी अमोनिया (सडलेल्यातून पाण्यात उतरणारं विष) तपासायचा, निघाला तर १०-१५ टक्के पाणी, त्याच तापमानाचं, त्याच खारटपणाचं. जागा हलवायची नाही.

रीफवाली: आणि खायला द्या. आतलं शेवाळ गेलं की कोरलचं बहुतेक जेवणच बंद होतं, म्हणून हॅमरला बारीक मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) आठवड्यातून दोनदा, तोंड उघडलं तरच, उरलेलं काढून घ्यायचं. पाण्यातलं नायट्रेट (घाणीतून साचणारा क्षार) शून्यावर आणायच्या मागे लागू नका.

मालवणचा_मासा: यंदा, २०२४ मध्ये, लक्षद्वीपलाही कोरल असंच पांढरं पडलंय, तिथे समुद्राला कोण फॅन लावणार. आम्ही तर बघूनच समाधान मानतो, इकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, घरी ठेवायची सोय नाही.

पाण्यातलाघो: पाच आठवडे झाले, अपडेट देतो. अ‍ॅक्रोपोरा गेला, त्याच्यावर हिरवं शेवाळ चढलं. टॉर्चची तीनपैकी दोन हेड काढावी लागली. झोआ दहाव्या दिवशी उघडले. हॅमर अजून फिका आहे पण टोकांना परवापासून हिरवट झाक दिसतेय, पहिल्यांदा बायकोनेच पाहिली. आता पंपासाठी मोठी बॅटरी घेतोय, चार दिवस चालणारी कोणाकडे आहे का?