अनुभव धागा: खान्देशात पोरं पुस्तकाला हात लावतात ते कशानं?

पुस्तकं गावोगाव पोहोचतात आणि कपाटात कुलूपबंद राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हे काम करणाऱ्यांनी लिहा. भाषण नको, नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

चोपड्याहून
पत्र्याच्या पेटीत 40च पुस्तकं, निम्मी 16 ते 24 पानांची. पेटी महिन्याला पुढच्या गावाला. जास्त भरली की मोजदादीच्या धास्तीनं गुरुजी ती उघडतच नाहीत. म्हणून फाटलेलं, हरवलेलं पुस्तक बाद करायची मुभा आधीच लेखी द्या. दंड मात्र नको. पान फाटलं की पोरगं पुस्तकासकट गायब होतं. देणगीतले जुने गाईड आणि रद्दी दारातूनच परत करा, देणारा रुसला तरी.

धडगावहून
घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना शब्दार्थ विचारत बसू नका. चित्रं मुलांकडे धरून 10 मिनिटं मोठ्यानं वाचा, पान उलटण्याआधी थांबा, 'पुढं काय होईल?' विचारा. उत्तर त्यांच्या बोलीत येऊ द्या. सगळ्यांना एकसुरात वाचायला लावलं तर पाठ झालेलं आणि वाचता येणारं यातला फरक कळत नाही.

शिरपूरहून
कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी कुणी फिरकत नाही. वाचनालय संध्याकाळी 7 ते 9 उघडा, चार्जिंगचा दिवा ठेवा.

अमळनेरहून
दादा, मोठ्या पोरांचं काय? वाचनालयाची अभ्यासिका झालीय. सरकारी भरतीची तयारी करणारे स्वतःचीच पुस्तकं घेऊन बसतात, कपाटाकडे बघतही नाहीत. त्यांच्या टेबलावरच पातळ कथासंग्रह आणि चरित्रं उघडी टाकून ठेवा. चहानंतर दोन पानं चाळली जातात, तिथूनच सुरुवात होते.
दुसरं, भिंतीवरचं साप्ताहिक. साने गुरुजी इथल्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक काढत, हे तर गावाला ठाऊकच आहे. एक ड्रॉइंग शीट, ठसठशीत अक्षर, केळी-कापसाचे भाव, एसटीच्या वेळा, एक अहिराणी कोडं. लिहायचं आठवी-नववीच्या पोरांनी. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी लावा. शाळेसमोर नको, किराणा दुकानाशेजारी. कोड्याचं उत्तर पुढच्या अंकात, नाहीतर शीट कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

पारोळ्याहून
कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर, नाहीतर वाळवी. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून थोडा मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, पण तो विषारी. ते काम मुलांच्या हाती देऊ नका. पावसाळ्यात प्लास्टिकची कव्हरं काढा, आत ओल धरते.