ग्रेनाडात मसाला भरून युरोपला शून्य ड्युटी? आधी नियम वाचा

मसाले_पुणे: कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर कंपनी काढा, भारतातून मिरी-हळद सुटी न्या, तिथे पाकिटं भरा. युरोपशी 2008 चा करार आहे, ड्युटी शून्य. तिथलं चलन ईसी (पूर्व कॅरिबियन) डॉलर 1976 पासून एका अमेरिकी डॉलरला 2.70 असं बांधलेलं, त्यामुळे चलनाचीही चिंता नाही.

गोदीवाला: असले सल्ले वाचून लोकांचं भांडवल बुडतं, म्हणून सविस्तर लिहितो. नुसतं चाळणं, पाकिटं भरणं, लेबल लावणं याने माल ग्रेनाडाचा होत नाही. करारातच ही कामं अपुरी प्रक्रिया म्हणून वगळलीत. आणि अख्खी मिरी, हळद युरोपात कुठूनही गेली तरी ड्युटी शून्यच आहे! स्थानिक विक्री म्हणाल तर हिशेब बघा. ड्युटी लागते माल, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर. माल 10,000 डॉलर, भाडं-विमा 3,000. 20 टक्के ड्युटी धरली तर 2,600. वर 15,600 वर 15 टक्के व्हॅट, 2,340. सर्व्हिस चार्ज निराळा. म्हणजे जहाजभाड्यावरसुद्धा कर भरताय, आणि गिऱ्हाईक जेमतेम सव्वा लाख लोक.

मसाले_पुणे: निर्यातीच्या मालाला कोण ड्युटी भरतं? बॉन्डेड गोदामात, म्हणजे ड्युटी न भरता माल ठेवता येतो अशा कस्टमच्या देखरेखीतल्या गोदामात ठेवायचा.

गोदीवाला: बॉन्डचं मान्य. मूळ देशाच्या नियमाचं उत्तर मात्र तुम्ही दिलेलं नाही. बँक खात्याचंही नाही. तिथल्या बँकांचे परदेशी व्यवहार पार पाडणाऱ्या अनेक परदेशी (करस्पॉन्डंट) बँकांनी कॅरिबियनमधून अंग काढून घेतलंय. पैसा कुठून आला याचे कागद अपुरे असतील तर खातं महिनोन्महिने लटकतं.

दापोलीकर: मिरी-हळद सोडा हो, तिथला खरा माल जायफळ! 2004 च्या आयव्हन वादळात बहुतेक झाडं गेली. बियांपासून केलेलं रोप सहा-सात वर्षांनी फुलल्यावर कळतं नर की मादी, निम्मे नर निघतात. मादी झाडाची कलमं लावायला हवी होती. कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत जायफळ लावताना आपण तेच करतो.

मसाले_पुणे: लागवड पुन्हा उभी न राहण्याला झाडांपेक्षा व्यवस्था जबाबदार. 1947 साली जायफळाची निर्यात कायद्याने एकाच सहकारी संघाच्या हाती दिली. खरेदीदार एकच असल्यावर शेतकरी नव्याने लावील कशाला?

दापोलीकर: संघाला उगाच झोडपू नका! बी कवचासकट सहा-आठ आठवडे सावलीत वाळवायचं, आत गर खुळखुळला की फोडायचं, मग पाण्यात टाकायचं. बुडेल ते निर्यातीला, तरंगेल ते तेलाला. ही प्रतवारी कोणता दलाल करणार आहे? घाईत ओलं फोडलं की बुरशी धरते. युरोपची अफ्लाटॉक्सिनची (बुरशीतून तयार होणाऱ्या विषाची) मर्यादा त्यातल्या बी1 प्रकारासाठी किलोला 5 मायक्रोग्रॅम, एकूण 10. तेवढ्यासाठी अख्खा कंटेनर परत येतो.

मसाले_पुणे: प्रतवारीचं ठीक, ते काम संघ चांगलं करतो. पण प्रतवारी करायला एकाधिकार लागत नाही.

गोदीवाला: जायफळाला मूळ देश ग्रेनाडा असल्याचं सर्टिफिकेट मिळतं, कारण ते तिथे पिकतं. जायफळ आणि जायपत्रीचा धंदा करायचा असेल तर बोला. मिरीच्या पाकिटांचा सल्ला मात्र मागे घ्या, कुणीतरी खरंच पैसे घालेल.